आधी मिस्त्री, मग जीप : नाशिकमध्ये जुनी फोर बाय फोर गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

“जुनी जीप घ्यायची आहे, कोणती घेऊ?” हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो आणि प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न उलट विचारतो : ती दुरुस्त कोण करणार आहे? ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर असते, त्याने कोणतीही गाडी घेतली तरी तो वर्षभरानंतर आनंदात दिसतो. ज्याच्याकडे उत्तर नसते, त्याची गाडी पहिल्याच पावसाळ्यात ताडपत्रीखाली जाते आणि दोन वर्षांनी पडत्या भावात विकली जाते. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या क्रमापेक्षा उलटा आहे. आधी माणसे, मग कागद आणि त्यानंतर गाडी.

या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. सातपूरला महिंद्रचा कारखाना आहे, इगतपुरीला त्याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे, आणि शहरातल्या एका मोठ्या चौकाला आपण मायको सर्कल म्हणतो तो ज्या कंपनीमुळे, तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोजल वर्षानुवर्षे बनत आली. देवळाली कॅम्पात तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे लष्करी जीप, जोंगा आणि जिप्सी या शहराने रस्त्यावर रोज पाहिल्या. परिणामी या गावात फिटर, टर्नर, नोजल तपासणारे, कमानपाटे बसवणारे आणि लष्करातून निवृत्त झालेले वाहनचालक असे जाणकार गल्लीबोळांत सापडतात. जुन्या गाडीचा खरा ठेवा हाच आहे आणि तो वर्षागणिक कमी होत चालला आहे.

पहिला हंगाम शेजारच्या सीटवर

गाडी घेण्यापूर्वी किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा दुसऱ्याच्या गाडीत बसून काढावा, असा माझा आग्रह असतो. जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या, गाड्या बाळगणारी मंडळी रविवारी पहाटे निघतात, गंगापूर धरणाच्या किंवा त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला चहाला थांबतात आणि तेथून पेठ, हरसूल किंवा वैतरणेकडे वळतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ओळख काढावी लागत नाही. रस्त्यात उभ्या असलेल्या जुन्या जीपजवळ जाऊन “हिचे इंजिन मूळचेच आहे का?” एवढे विचारले तरी पुरते. अर्ध्या तासाने आपण बॉनेटखाली वाकलेले असतो.

शेजारच्या सीटवर बसून काही गोष्टी आपोआप कळतात. पुढे-मागे कमानपाटे असलेल्या गाडीत शंभर किलोमीटर गेल्यावर आपली पाठ काय म्हणते, कॅनव्हासच्या हुडातून ऑगस्टमधले पाणी कोठून गळते, दोन माणसांना ओरडून बोलावे लागते की नाही, घरच्यांना हे रुचते की नाही, हे सर्व पैसे घालण्यापूर्वी समजलेले बरे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या काळात कोणाची गाडी कोणत्या मिस्त्रीकडे जाते, कोण नुसता भाग बदलतो आणि कोण दोष शोधतो, हे दिसत जाते. अशा दोन मिस्त्रींशी ओळख वाढवावी. त्यांच्याकडे मोकळ्या हाताने जाऊन तासभर उभे राहावे, पाना उचलून द्यावा, प्रश्न विचारावेत. चांगला मिस्त्री शिकणाऱ्याला कधी हाकलत नाही.

चिखलात गाडी चालवण्याचे शास्त्र पद्धतशीरपणे शिकायचे असेल तर महिंद्रने इगतपुरीजवळ त्यासाठी खास अकादमी उभारली होती. तेथे सध्या वर्ग चालू आहेत का, याची चौकशी करावी. न जमल्यास गटातल्या अनुभवी चालकाकडून शिकावे, पण शिकल्याशिवाय उतरू नये.

कोणती गाडी

जीप म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली गाडी. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. ८० इंचांचा व्हीलबेस, २.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, तीन गिअर, डाव्या बाजूचे स्टिअरिंग आणि ६ व्होल्टची वायरिंग, असा तिचा संच आहे. आपल्याकडे तिला ‘लो बॉनेट’ म्हणतात. युद्धानंतर महिंद्रने विलीजच्या जीपगाड्या भारतात जोडायला आणि पुढे बनवायला सुरुवात केली, आणि त्यातली सीजे-३बी ही ‘हाय बॉनेट’ नावाने घरोघरी माहीत झाली. तिचे बॉनेट उंच होण्यामागे दिखाऊपणा नव्हता. नव्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये नेले गेले, इंजिनाची उंची वाढली आणि झाकणही उचलावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झाले, परंतु आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या पुढेही कित्येक वर्षे बनत राहिल्या.

नवशिक्याने खऱ्या लो बॉनेटच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे मोल मोठे, नकलाही भरपूर, आणि महिंद्रच्या चेसीवर नवा पत्रा ठोकून ‘चौवेचाळीसची विलीज’ म्हणून विकलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. अस्सल गाडी ओळखायला वर्षे लागतात.

पहिल्या गाडीसाठी मी दोन नावे घेतो. एक महिंद्रची एमएम-५४० किंवा तिची थोडी लांब बहीण एमएम-५५०. यांत प्यूजोच्या घडणीचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन असते. ते संथ आहे, हिवाळ्यात हिटर प्लग चांगले नसतील तर सकाळी रुसते, पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ते उघडून पुन्हा जोडणारा माणूस मिळतो. दुसरी मारुतीची जिप्सी. ती १९८५ साली ९७० सीसीच्या इंजिनासह आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंधन फवारणारी यंत्रणा, आली. जिप्सी वजनाला हलकी असल्याने जेथे जीप रुतते तेथून ती बऱ्याचदा सहज निघते, आणि लष्कराने ती मोठ्या संख्येने वापरल्यामुळे तिचे भाग अजून मिळतात. तिचा शत्रू एकच, गंज.

जोंगा हा वेगळा विषय आहे. निसानच्या ‘पट्रोल’ (Patrol) या गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली ही गाडी सुमारे चार लिटरच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची आहे, आणि तिच्या नावातच जबलपूर आहे. तिच्या इंजिनाचा मंद आवाज ज्याने एकदा ऐकला त्याला ती विसरता येत नाही. मात्र ती पेट्रोल सढळ हाताने पिते, तिचे भाग शोधण्यात महिने जातात आणि शहरातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती मावत नाही. दुसरी गाडी म्हणून तिचा विचार करावा. लष्करी गाड्यांविषयी मनात ओढ असणे स्वाभाविकच आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने, आणि त्या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हा इतिहास ज्या गाडीला चिकटला आहे ती गाडी दारात असावी असे वाटण्यात गैर काहीच नाही. फक्त त्या भावनेच्या भरात कागद बघायचे राहू नयेत.

कागद : येथे घाई करू नये

जुन्या गाडीच्या व्यवहारात पत्रा, इंजिन, टायर हे सर्व नंतर सुधारता येते. चुकीचा कागद सुधारता येत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना नोंदणी पुस्तकाची प्रत आधी मागवावी आणि प्रत्यक्ष गाडीपाशी पहिले काम म्हणून चेसी क्रमांक वाचावा. चेसीवरचा मळ वायर ब्रशने काढून, त्यावर पांढरा खडू घासून, मोबाइलचा उजेड तिरका धरला की खोदलेले आकडे वर येतात. अंक एका ओळीत, एकाच खोलीचे आणि एकाच वळणाचे असले पाहिजेत. आजूबाजूला वेल्डिंगची शिवण, घासलेला भाग किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. मालक कितीही सज्जन असला तरी त्यालाच कदाचित फसवले गेलेले असते. इंजिन क्रमांकही पुस्तकाशी जुळला पाहिजे, कारण या गाड्यांत इंजिने बदलण्याची पद्धत फार जुनी आहे आणि अनेकांनी त्याची नोंद कधी केलेली नसते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते, त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क अलीकडच्या वर्षांत बरेच वाढले आहे, त्यामुळे सौदा ठरवण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा परिवहन संकेतस्थळावर पाहून तो किमतीत धरावा. नोंदणी संपून बरीच वर्षे झालेली गाडी स्वस्त वाटते, परंतु थकलेला कर, दंड आणि हेलपाटे यांची बेरीज केली की तो स्वस्तपणा टिकत नाही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यातून आणायची असेल तर फॉर्म २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथला रस्ता कर लागतो, आणि गाडीवर कधीकाळी बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ मागून घ्यावा. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जिप्सी बऱ्याच संख्येने इकडे येऊ लागल्या आहेत. त्यांत चांगल्या गाड्या असतात, मात्र ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची आहे. ती जुन्या जीपलाही लागू आहे.

‘विंटेज’ नोंदणीविषयी गैरसमज फार आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी विंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, आणि नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते. ज्याला रविवारी सकाळी मनात येईल तेव्हा हरसूलला जायचे आहे, त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

लष्कराच्या निकाली काढलेल्या गाड्या लिलावातून येतात. अशा गाडीच्या सैनिकी क्रमांकाच्या आरंभी वर तोंड केलेला बाण आणि त्यानंतर वर्षाचे दोन अंक असतात. लिलावाचे मूळ कागद, गाडी ताब्यात दिल्याचे पत्र आणि त्यानंतर झालेली नागरी नोंदणी ही साखळी अखंड असली पाहिजे. मधली एक कडी नसेल तर ती गाडी शोभेची वस्तू म्हणून अंगणात उभी राहील, रस्त्यावर येणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. लष्करी वाटावी म्हणून तो रंग देऊ नये. वाळूचा रंग, करडा किंवा गडद निळा रंग या गाड्यांना तितकाच शोभतो.

गाडी तपासताना

माझी एमएम-५४० घेण्यापूर्वी मी द्वारका भागातल्या एका जुन्या मिस्त्रींना सोबत नेले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मालकाने इंजिन चालू करून ठेवले होते. उस्तादांनी आधी ते बंद करायला सांगितले. “गरम इंजिन सगळ्यांचंच गोड चालतं, थंड होऊ द्या,” एवढे बोलून ते गाडीभोवती फिरू लागले. खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेले एक लोहचुंबक काढले, जुन्या स्पीकरमधले असावे, आणि ते पत्र्यावरून हळूहळू सरकवत नेले. मडगार्डवर चुंबक घट्ट धरत होते. दाराखालच्या पट्टीवर येताच ते घसरून खाली पडले. तेथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली होती. मग ते पाठीवर झोपून खाली गेले, हातोडीच्या दांड्याने चेसीच्या दोन्ही बाजू वाजवत मागच्या आडव्या पट्टीपर्यंत सरकले आणि एका जागी थांबून त्यांनी मला तोच ठोका पुन्हा ऐकवला. बाकी ठिकाणी ‘ठण्ण’ वाजणारे लोखंड तेथे ‘बद्द’ वाजले. आत चिखल साचून ती पट्टी आतून खाल्ली गेली होती. तेवढ्या दोन तपासण्यांवर किंमत उतरली आणि ती पट्टी कापून नवी घालण्याचा खर्च आधीच हाती आला.

त्याच क्रमाने आपणही जावे. थंड इंजिन चालू करताना किती वेळ सेल्फ मारावा लागतो ते मोजावे. डिझेल गाडीत सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हकडे काम आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढून तेथे तळहात धरावा, धक्क्यांनी वाफ येत असेल तर बोअर झिजले आहेत. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळते ती. हाच खेळ, ढिले टायरॉड एंड आणि सैल कमानपाटे एकत्र आले की ताशी पन्नासच्या वेगाला खड्डा लागताच स्टिअरिंग दोन्ही हातांतून सुटेल इतके थरथरते. चालवून बघताना हा वेग मुद्दाम गाठावा.

शेवटी मोकळ्या मातीत फोर बाय फोर घालून, लो गिअरमध्ये पुढे-मागे न्यावी. पुष्कळ गाड्यांचा पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवलेला असतो आणि फोर बाय फोरचा दांडा मात्र दिमाखात हलतो.

पहिले तीन महिने

गाडी घरी आली की रंग, टायर, बंपर, दिवे यांच्या मोहात पडू नये. पहिला पैसा ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि इंधनाच्या नळ्या यांवर खर्च करावा. माझ्या अंदाजाने खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम यासाठी बाजूला काढूनच व्यवहाराला बसावे.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर आणि एकच सर्किट असते. आजच्या गाडीत एक नळी फुटली तरी दोन चाके धरतात, येथे एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाते. हा अनुभव मी घेतला आहे. गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच महिन्यात सावळ घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकाची रबरी नळी फुटली. बाहेरून ती नवीकोरी दिसत होती, आतून कुजलेली होती. नशिबाने मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. पहिला गिअर आणि हातब्रेक यांच्या जोरावर डोंगराकडच्या चरात चाक घालून गाडी थांबली. मागून येणाऱ्या दोन मित्रांनी दगड लावले, ती नळी चिमटून बंद केली आणि उरलेल्या तीन चाकांवर आम्ही हळूहळू पेठला पोहोचलो. तेव्हापासून मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो की, जुन्या गाडीतल्या सर्व रबरी नळ्या, व्हील सिलिंडरचे कप आणि ब्रेक ऑइल हे पहिल्याच आठवड्यात, दिसायला कसेही असोत, बदलून टाकावेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते पुन्हा बदलावे. जमल्यास दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा. हा एक बदल मी मूळपणाच्या आग्रहापेक्षा वरचा मानतो. विलीज घराण्यातल्या अनेक जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो गाडी उभी करण्यासाठी आहे. चालत्या गाडीत तो जोरात ओढला तर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि क्राउन-पिनियनवर (आक्सलमधल्या गिअरांवर) भयंकर ताण येतो, त्यामुळे त्याचा आधार फक्त जिवावर बेतल्यावरच घ्यावा.

पेट्रोल गाडी असेल तर इथेनॉलचा विचार करावा लागतो. आता पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले पडदे मऊ पडून चिरतात, शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि टाकीच्या तळाशी गंज धरतो. युद्धकाळातल्या मूळ जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे लक्षात घेतले की नळ्या बदलण्याची निकड वेगळी सांगावी लागत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा आणि दोन किलोचे अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवावे.

गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या आक्सलची दोन्ही कवचे, म्हणजे हौजिंग, यांतले ऑइल काढून ते कसे निघते ते पाहावे. चमचमणारी भुकटी चालते, धातूचे तुकडे चालत नाहीत. नवे ऑइल कोणत्या दर्जाचे हवे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे, कारण हौजिंगसाठी बनवलेल्या काही तीव्र ऑइलांनी गिअर बॉक्समधल्या पितळी रिंगा खराब होतात. विम्याच्या बाबतीत, पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीची बिले आणि छायाचित्रे जपून ठेवल्यास ते योग्य ठरवून घेता येते.

गाडी मूळ रूपात आणावी की आपल्या सोयीने बदलावी, यावर गटागटांत तासन्‌तास चर्चा होतात. कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. रुंद टायर, उचललेले कमानपाटे, दुसऱ्या गाडीचे इंजिन यांवर कारवाई होऊ शकते. मला स्वतःला कारखान्यातून निघाली तशी गाडी आवडते. तिचे सर्व भाग एकमेकांना ओळखतात.

मातीत उतरताना

पहिली सफर कधीही एकट्याने करू नये. किमान दोन गाड्या, त्यांतल्या एकाकडे भक्कम पट्टा, दोन शॅकल, फावडे आणि हवा भरण्याचा पंप असावा. डांबरी रस्ता सोडल्यावर पुढच्या चाकांचे हब लॉक करावेत, म्हणजे चाके आक्सलला जोडली जातात, आणि गरज पडण्याआधी फोर बाय फोर घालावे. रुतल्यावर घालण्यात अर्थ नसतो. कोरड्या डांबरावर मात्र तो दांडा कधीही घालू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना जखडलेले असतात, आणि टायरला घसरायला माती मिळाली नाही तर तो सारा पीळ गिअरांत साठत जातो. मग दांडा निघता निघत नाही. अशा वेळी जबरदस्ती न करता गाडी सरळ मागे काही फूट घ्यावी, पीळ उतरतो आणि दांडा सुटतो.

नाशिकची माती दर वीस किलोमीटरला बदलते. निफाड-सिन्नरकडची काळी माती पावसात टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. तेथे हवा १८ ते २० पाउंडांपर्यंत कमी करून, दुसऱ्या लो गिअरमध्ये एकाच चालीने जावे, मध्येच थांबू नये. पेठ-सुरगाण्याकडच्या मुरूम आणि खडकाळ वाटांवर उलट धिम्या गतीने, चाक दगडावरून चढवून न्यावे. इगतपुरी-भावलीकडे ओढे लागतात. ओढा आधी पायी ओलांडून बघावा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल किंवा गढूळ होऊन जोरात वाहत असेल तर परत फिरावे. परत फिरणाऱ्याचा मान आमच्यात कधी कमी होत नाही. पाण्यात गिअर बदलू नये आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून काही अंतर चालवावे, म्हणजे ड्रम कोरडे होतात. ओढताना पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला) कधीही लावू नये, पट्ट्यावर मध्यभागी ओले पोते टाकावे आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे.

कोठे जाऊ नये, हे शिकायला अधिक वेळ द्यावा. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि त्या डोंगराचे नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, मूठभर मातीच्या थरावर उगवते. सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, एकदा गेलेल्या टायरचा चरा वर्षानुवर्षे राहतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय, धरणाच्या भिंतीजवळ आणि गडांच्या पायथ्याच्या पाऊलवाटांवर गाडी नेऊ नये. शेतातून जाण्याचा प्रसंग आलाच तर मालकाला विचारावे. दोन आषाढांपूर्वी हरसूलच्या पुढे आमच्यातल्या एकाची जोंगा भातखाचराच्या बांधावरून घसरली आणि बांध तीन हात फुटला. शेतकरी दादा धावत आले, रागावले नाहीत, पण फुटक्या बांधातून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. गाडी काढण्याआधी आम्ही सर्वांनी फावडी घेऊन, त्यांच्या सांगण्यानुसार दगड आणि चिखल रचून तो बांध पुन्हा घातला. दीड तास लागला. गाडी त्यानंतर दहा मिनिटांत निघाली, कारण तोपर्यंत त्यांनी स्वतःचे बैल आणले होते. आता त्या बाजूला गेलो की त्यांच्या ओट्यावर चहा होतो आणि त्यांच्या पंपाच्या डिझेल इंजिनाचे नोजल आमच्यातले एक सातपूरचे निवृत्त फिटर दरवर्षी तपासून देतात.

घरी परतल्यावर

सफर संपली तरी काम संपत नाही. त्याच संध्याकाळी, चिखल वाळण्यापूर्वी, गाडी खालून धुवावी, विशेषतः चेसीच्या पोकळ भागांत आणि मागच्या आडव्या पट्टीत नळी घालून स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवावे. मग ग्रीस गन घेऊन कमानपाट्यांचे शॅकल, टायरॉड एंड आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्या प्रत्येक निपलमध्ये जुने, चिखलाळ ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत दाबत राहावे. एखादे निपल घेत नसेल तर ते तसेच सोडू नये, काढून डिझेलमध्ये साफ करून पुन्हा बसवावे.

ओढ्यातून गेला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, दोन्ही हौजिंगचे खालचे बूच किंचित सैल करावे. गरम हौजिंग एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. रात्रभरात ते तळाशी बसते, त्यामुळे बूच सैल करताच आधी पाणी ठिबकते. नुसते सोनेरी ऑइल आले तर बूच आवळावे. पाणी आले किंवा ऑइल चहात दूध घातल्यासारखे दिसले, तर ते सर्व काढून नवे भरल्याशिवाय गाडी चालवू नये, आणि पुढच्या ओढ्यापूर्वी ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधावे.